ताल जात्याचा की प्रेसचा?

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून काय बाहेर पडते, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. पेनिसिलीन, स्कूटर, ट्रक, मोटारी यांची नावे घेतली की या पट्ट्याच्या औद्योगिक पराक्रमाचे वर्णन पुरे झाले, असे मानण्याची रीत पडली आहे. त्या कारखान्यांच्या आत कोणता आवाज असतो, आणि आठ-आठ, बारा-बारा तास तो कानांवर घेऊन माणूस घरी काय नेतो, याची चौकशी मात्र फारशी झालेली नाही. उत्पादनाचे आकडे ठेवणारी व्यवस्था आवाजाचा हिशेब ठेवत नाही. तो हिशेब ठेवण्याचे एक साधन आता कामगारांच्या मुलांच्या हाती आले आहे. मात्र ते साधन कशासाठी वापरायचे हे त्यांना सांगण्याची तसदी त्यांच्या संघटनांनीही घेतलेली नाही.

पिंपळे गुरव हे पवनेकाठचे जुने गाव. गावाच्या नावात गुरव आहे. गुरव म्हणजे शिवाच्या देवळात पूजा करणारा आणि वाद्य वाजवणारा बलुतेदार. आज या गावाच्या गल्ल्यांतून लातूर, धाराशिव, बीड, सोलापूरकडून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि घरातला कर्ता मुलगा भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या पाळीला जातो. नोकरी बहुधा कंत्राटाची, म्हणजे आज आहे आणि उद्याची खात्री नाही अशी. या मुलांपैकी अनेकांना गाणी कापण्या-जोडण्याचा नाद आहे. गणपतीच्या मिरवणुकीसाठी, १४ एप्रिलसाठी, मित्राच्या हळदीसाठी ती जुन्या गाण्याखाली नवा ठेका भरतात, मध्येच एखादे भाषण वा सनई घुसवतात आणि त्याला रिमिक्स म्हणतात. सुशिक्षित मध्यमवर्ग या प्रकाराला नाक मुरडतो. डाव्या चळवळीतील वडीलधारेही त्याला बाजारू करमणूक समजून बाजूला सारतात. दोघांचाही गैरसमज आहे. डीजेच्या भिंतीचा उपद्रव खरा आहे आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु ती भिंत उभी करण्याआधी जे काम संगणकावर वा मोबाइलवर केले जाते, त्याला ध्वनिसंपादन म्हणतात. ते एक कसब आहे आणि प्रत्येक कसबाप्रमाणे ते कोणाच्या बाजूने वापरायचे हा प्रश्न त्यालाही लागू आहे.

हे कसब एके काळी मूठभरांच्या मालकीचे होते. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्यात आले आणि त्यांनी या देशातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे केली. त्यानंतर कित्येक दशके कोणाचा आवाज तबकडीवर जायचा आणि कोणाचा जायचा नाही, हे एकाच कंपनीच्या कचेरीत ठरत असे. ती मक्तेदारी फोडली कॅसेटने. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट गावोगाव पोचल्या, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभे केले नसते असे शाहीर व भीमगीते गाणारे गायक घराघरांत ऐकू येऊ लागले. तथापि कॅसेट वाजवणे सोपे झाले, तरी ध्वनिमुद्रण संपादित करण्याची यंत्रे स्टुडिओतच राहिली. ती पुढची पायरी ओलांडली गेली २००० साली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी लिहिलेली ऑडॅसिटी नावाची आज्ञावली त्या वर्षी सर्वांना मोफत, मूळ संहितेसह खुली झाली. कोणीही ती घ्यावी, वापरावी, तिच्यात बदल करावा, फक्त तो बदलही पुढे खुला ठेवावा, असा तिचा परवाना आहे. सार्वजनिक मालकीचे तत्त्व इतक्या निःसंदिग्ध शब्दांत मांडणारी उदाहरणे आजच्या उद्योगजगतात विरळा. २०२१ साली एका कंपनीने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्याची योजना पुढे केली. जगभरच्या वापरणाऱ्यांनी ओरड केली, कंपनीला त्या योजनेतून माघार घ्यावी लागली, आणि काहींनी त्याच खुल्या संहितेवरून वेगळ्या आवृत्त्या काढल्या. साधन खुले असले की त्याच्या मालकीवरून भांडता येते, हा धडा त्यातून मिळतो.

हे शिकण्याची चांगली रीत कोणती? तयार ठेक्यांचे तुकडे विकत वा फुकट मिळतात. ते एकमेकांना आपोआप जुळतात, कारण ते जुळावेत म्हणूनच बनवलेले असतात. त्यांच्यावर हात बसवणारा मुलगा जुळवणी शिकतो, ऐकणे शिकत नाही. याउलट एकमेकांशी मुळीच न जुळणारी दोन ध्वनिमुद्रणे घेऊन ती एकत्र आणण्याचा प्रयत्न केला, तर कसबातील प्रत्येक अडचण पहिल्याच दिवशी पुढे उभी राहते. पिंपळे गुरवच्या मुलाजवळ असे दोन आवाज आहेत. एक भोसरीच्या शेडमधील पॉवर प्रेसचा. दुसरा त्याच्या आजीच्या जात्याचा.

आयटीआय झालेल्या मुलाला यातील गणित परके नाही. व्हर्नियरने तो जसा लोखंडाचा तुकडा मोजतो, तसाच संगणक आवाज मोजतो. फक्त एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतो. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त सुमारे २०,००० कंपनांचा स्वर ऐकू येतो आणि प्रत्येक कंपनासाठी किमान दोन मापे लागतात, म्हणून हा आकडा. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. दोन जोरकस ध्वनिमुद्रणे एकावर एक ठेवली की मापांची बेरीज वरच्या पायरीच्या पलीकडे जाते आणि लेथवर जादा धातू तासला जावा तशी लाटेची टोके तासली जातात. ऐकणाऱ्याला ती चिरकी खरखर म्हणून कळते. तेव्हा कोणाला तरी खाली आणावे लागते. कोणाला, हा प्रश्न येथेच पहिल्यांदा उपस्थित होतो.

त्याआधी आणखी एक फसवणूक ओळखावी लागते. मोबाइलमधील ध्वनिग्राहक मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज आपोआप उचलतो. त्यामुळे प्रेसचा दणका आणि जात्याची घरघर ही दोन्ही फोनमध्ये जवळजवळ सारख्याच उंचीची दिसतात. ही समता खोटी आहे. प्रत्यक्षात एका आवाजाने माणूस बहिरा होतो, दुसऱ्याच्या लयीत मूल झोपी जाते. फोनची ही सोय बंद करून, एकाच अंतरावरून, एकाच मापाने दोन्ही आवाज टिपायला शिकणे हा या विद्येचा श्रीगणेशा होय.

जात्याच्या आवाजाविषयी महाराष्ट्रात एक असे काम झाले आहे की ज्याची थोरवी अजून पुरेशी ओळखली गेलेली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे या मातीचेच झालेले गी पॉइटव्हॅं यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या मुळशी व मावळच्या डोंगरी गावांतून हे काम सुरू झाले आणि राज्यभर पसरले. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखावर ओव्या त्यातून जमल्या. संगणक व संगीत या दोहोंचे जाणकार बर्नार्ड बेल यांनी १९९० च्या दशकात त्यांतील शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण केले. हा साठा २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहामार्फत सर्वांपुढे येऊ लागला. प्रत्येक ओवीबरोबर ती गाणारीचे नाव आणि गाव नोंदवलेले आहे. लोकसाहित्याच्या संग्राहकांनी पूर्वी ‘एक वृद्ध स्त्री’ एवढ्यावर ज्यांची बोळवण केली, त्या बायकांना येथे नाव मिळाले.

ही मुळशी-मावळची भूमी शहराला नुसत्या ओव्या देत आलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती म्हणून मुळशी पेट्यातील गावे पाण्याखाली गेली आणि त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या सत्याग्रहात शेतकरी तुरुंगात गेले. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बंद नळाने पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याच्या योजनेला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात तिघांचा बळी गेला. त्यांपैकी एक स्त्री होती. पिंपळे गुरवच्या नळाला येणारे पाणी त्याच पवनेचे आहे. ओवी आणि प्रेस शेजारी ठेवणे हा कलावंताचा लहरी खेळ नव्हे. ते दोन आवाज इतिहासाने आधीच शेजारी आणून ठेवले आहेत.

आता संपादनाकडे. शिकाऊ मुलाला जी हत्यारे सर्वप्रथम दाखवली जातात, त्यांत एक गोंगाट काढण्याचे असते. ध्वनिमुद्रणातील ज्या जागी फक्त ‘गोंगाट’ आहे तो तुकडा निवडायचा. संगणक त्या तुकड्याचा ठसा घेतो आणि सबंध ध्वनिमुद्रणातून तेवढा ठसा वजा करतो. ओवीच्या ध्वनिमुद्रणावर हे हत्यार चालवले, तर ठसा कशाचा घेतला जातो? जात्याच्या घरघरीचा. ती अखंड असते, एकसुरी असते, म्हणून यंत्राच्या हिशेबी ती गोंगाट ठरते. ती काढून टाकली की गळा उरतो, पण पाण्याखालून आल्यासारखा, कडेने किणकिणणारा. आणि बाईने ओळीच्या मध्येच घेतलेली उसंत निरर्थक होऊन बसते. कारण ती उसंत खुंटा फिरून येण्याची किंवा मूठभर दाणे जात्यात टाकण्याची होती. म्हणजे श्रम काढून टाकले आणि कला ठेवली. भांडवली समाज श्रमिकांच्या संस्कृतीशी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. आता ते एका कळीवर होते, इतकाच फरक.

याहून मोठा निर्णय तालाचा. प्रेसचे ठोके घड्याळासारखे पडतात. जात्याचा फेरा मात्र दाण्यावर, हातावर, बाईच्या दमावर अवलंबून असतो. बाजरी आणि गहू एका वेगाने दळले जात नाहीत, आणि दळणाच्या शेवटी हात सुरुवातीइतका झरझर फिरत नाही. ही दोन ध्वनिमुद्रणे एकत्र आणायची तर एकाने दुसऱ्याच्या तालावर यावे लागते. डीजेच्या आज्ञावल्या हा प्रश्न विचारतच नाहीत. त्या गृहीत धरतात की ठोका यंत्राचा राहणार आणि गळा ताणून वा आवळून त्यावर बसवला जाणार. मुलगा कळ दाबतो आणि त्याच्या आजीची ओवी प्रेसच्या पट्टीत बसते. सकाळी पाळीवर पर्यवेक्षक घड्याळ धरून त्याला स्वतःला जसे बसवतो, अगदी तसेच.

परंतु उलटही करता येते. प्रेसचा एकेक ठोका कापून वेगळा काढता येतो आणि जात्याचा फेरा जेथे पुरा होतो तेथे नेऊन ठेवता येतो. बाई थांबली की प्रेसही थांबते. तिने पुन्हा खुंटा धरला की प्रेस चालू होते. याला वेळ लागतो. एका मिनिटाच्या ओवीसाठी एक संध्याकाळ जाते, कारण प्रत्येक ठोका कानाने जुळवावा लागतो आणि प्रत्येक सांधा, खटका ऐकू येऊ नये म्हणून, लाट शून्यावर असताना जोडावा लागतो. पण यंत्राने माणसाच्या तालावर चालावे, ही समाजवाद्यांची शंभर-दीडशे वर्षांची मागणी त्या मिनिटात कानांनी ऐकता येते. ज्याने हे एकदा हाताने केले त्याला कामाची गती कोण ठरवतो या प्रश्नावर अभ्यासवर्गात वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. विरुद्ध आवाज एकमेकांवर आदळवण्याची कल्पना नवी नाही. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्ह याने १९३० साली पुऱ्या केलेल्या ‘एन्थुझियाझम’ या चित्रपटात दोनबासच्या खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या यांचे आवाज प्रत्यक्ष जागेवर जाऊन टिपले. त्या काळी अवजड यंत्रे घेऊन हे करणे अचाट होते. त्या चित्रपटाच्या आरंभी एक तरुणी कानाला श्रवणयंत्र लावून ऐकत बसलेली दिसते. चर्चच्या घंटा वाजतात आणि पुढे कारखान्याचा आवाज त्या घंटांवर मात करतो. कसब अव्वल आहे. निकाल मात्र खटला सुरू होण्यापूर्वीच लागलेला आहे. कारखाना म्हणजे उद्या, खेडे म्हणजे काल, असे ठरवूनच दोन आवाज समोरासमोर आणले गेले. आणि त्याच युक्रेनच्या खेड्यांवर १९३२-३३ मध्ये सक्तीच्या धान्यवसुलीने भीषण दुष्काळ लादला, तेव्हा त्यांचा आवाज टिपायला कोणी गेले नाही. ओवीला केवळ गोड भूतकाळ आणि प्रेसला केवळ राक्षस ठरवणारा संपादकही याच चुकीच्या वाटेने जाईल, फक्त उलट दिशेने. जात्यावर पहाटे बसणे हा काही सोहळा नव्हता. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांचे खांदे सुटले, आणि त्याबरोबर ओवीही सुटली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

लोकधनावर कात्री चालवू नये, असा आक्षेप सोवळे अभ्यासक घेतील. त्यांनी लालबावटा कलापथक आठवावे. १९४४ साली उभ्या राहिलेल्या या पथकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला गणेशाचा गण बाजूला ठेवून मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना वंदन केले आणि उरलेला साचा तसाच राबवला. त्याआधी सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हेच केले होते. ओवी तरी कुठे सोवळ्यात राहिली? सीतेचा वनवास गाणाऱ्या गळ्यांनीच बाबासाहेबांवरही ओव्या रचल्या. कापणे-जोडणे हा लोकपरंपरेचा स्वभावच आहे. प्रश्न परवानगीचा आणि नावाचा आहे.

या बाबतीत कायदा अर्धाच सोबत येतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव लावून घेण्याचा आणि आपल्या सादरीकरणाची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा नैतिक हक्क दिला. म्हणजे आकाशवाणीवरील गायिकेइतकाच जात्यावरची बाईही या हक्काची धनी आहे. परंतु त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेले आहे: केवळ संपादनासाठी सादरीकरणाचा एखादा भाग काढून टाकला, तर त्याने सादरकर्त्याच्या लौकिकाला बाध येतो असे मानले जाणार नाही. कायद्याने कात्रीला अशी मोकळीक देऊन ठेवल्यावर कात्री धरणाऱ्याने स्वतःच नियम घालून घेणे भाग आहे. ज्या बाईचा आवाज घेतला तिचे नाव प्रत्येक प्रतीवर असावे, तयार झालेले ध्वनिमुद्रण आधी तिला किंवा तिच्या घरच्यांना ऐकवावे, आणि तिने नको म्हटले तर ते पुसून टाकावे.

दुसऱ्या आवाजाच्या मालकीचा प्रश्न अधिक कडवा आहे. मोठ्या कारखान्यांत कामगाराला मोबाइल आत नेण्याची बहुधा मनाई असते. कारण गुप्ततेचे सांगितले जाते. यंत्राचा नकाशा गुप्त असेल. त्याचा दणका कसा गुप्त असू शकतो? तो तर कामगाराच्या कानात रोज शिरतो आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा घातली. कारखाने अधिनियमाखालील नियमांनी कामगाराच्या कानाला मात्र आठ तासांसाठी ९० डेसिबलपर्यंत मुभा दिली. डेसिबलचे माप पटीत वाढते. या दोन आकड्यांतले अंतर ध्वनिशक्तीच्या हिशेबात तीन हजारपटींहून अधिक आहे. एकच माणूस, घरी असला तर नागरिक म्हणून त्याचा कान जपायचा आणि पाळीवर गेला की तो कान कच्चा माल समजायचा. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. तरी तो यादीतच राहतो. कारण तो हळूहळू येतो, दुखत नाही, आणि कामगार स्वतःच ‘वयामुळे असेल’ म्हणून गप्प बसतो. तो प्रथम सुमारे ४,००० कंपनांच्या पट्ट्यात खड्डा पाडतो. स, श, त, क ही व्यंजने ओळखायला याच वरच्या पट्ट्यांचा आधार लागतो. बोलणे ऐकू येते पण समजत नाही, अशी अवस्था तेथून सुरू होते. ध्वनिसंपादन शिकणारा मुलगा हे पट्टे पडद्यावर रंगांत पाहतो. वडिलांना तो पट्टा ऐकू येतो की नाही, हे घरच्या श्रवणयंत्रावर त्याच्या सहज लक्षात येऊ शकते. ती काही वैद्यकीय तपासणी नव्हे आणि फोन हे प्रमाणित मापकही नव्हे. पण रीतसर तपासणीची मागणी करायला तेवढी शंका पुरेशी आहे, आणि ती मागणी लावून धरणे हे संघटनेचे काम आहे.

याच पिंपळे गुरवमध्ये महानगरपालिकेचे निळू फुले रंगमंदिर आहे. निळूभाऊ पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात उभे राहत. नटसम्राट हे बिरुद त्यांना नंतर लागले. त्यांच्या नावाच्या इमारतीत एक खोली, चार-पाच जुने संगणक, खुली आज्ञावली, बऱ्यापैकी श्रवणयंत्रे आणि एक प्रमाणित ध्वनिमापक एवढे मांडायला महापालिकेच्या अंदाजपत्रकात हात फार खोल घालावा लागणार नाही. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा हा खर्च खासच कमी असेल. शिकवायला बाहेरून कोणी आणण्याचीही गरज नाही. गणपतीचे रिमिक्स करणारी दोन मुले पुरेत. ओव्यांचा साठा खुला आहे. मुळशी-मावळातील ज्या गावांतून तो आला तेथे या खोलीतून तयार होणाऱ्या प्रती परत जाव्यात, एवढी अट घालावी. कामगार संघटनांनी या खोलीकडे करमणूक म्हणून पाहू नये आणि महापालिकेनेही ती सायंकाळच्या छंदवर्गासारखी चालवू नये. रात्रपाळी सकाळी सुटते, आणि त्या वेळी रंगमंदिरात सहसा प्रयोग नसतात. खोली तेव्हा उघडी हवी.